आधी माणसांची यादी, मग समिती

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाहून निवृत्त शिक्षकांनी विचारलं आहे: "आमच्या गावात नऊ वाड्या. तरुण मंडळी मुंबई-पुण्याला, घराघरात म्हातारी माणसं. तीन-चार जण तर अंथरुणालाच खिळलेले. ग्रामपंचायत आहे, उपकेंद्र आहे, आशाताई, अंगणवाडी, बचत गट, मुंबईकरांचं मंडळ, सगळं आहे. पण कोणाचा कोणाशी मेळ नाही. सगळ्यांची मिळून एक समिती करावी म्हणतो. सुरुवात कुठून करू?"

गुरुजी, समिती इतक्यात करू नका. तुमचा हेतू मला समजतो आणि तुमच्यासारखा माणूस गावात आहे याचा आनंदही आहे, म्हणूनच हे आधी सांगते.

मी बावीस वर्षं कोकणातल्या खेड्यांत हे काम करते आहे; पहिली काही वर्षं परिचारिका म्हणून, नंतर एका छोट्या संस्थेबरोबर. पहिल्यांदा हाती घेतलं तेव्हा मीही समितीपासूनच सुरुवात केली होती. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली, सरपंच अध्यक्ष झाले, एकवीस सदस्य, ठराव, नारळ, फोटो. चौथ्या महिन्यात बैठकीला तिघं आले. त्याच आठवड्यात वरच्या वाडीतल्या एका आजींना डोलीतून खाली आणलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, हाडापर्यंत गेलेली. दीड महिना त्या एका कुशीवर पडून होत्या. त्यांच्या वाडीचे दोन सदस्य आमच्या समितीत होते आणि आजी आजारी आहेत हे दोघांनाही माहीत होतं. पण जाऊन बघायचं कोणी, बघून सांगायचं कोणाला, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. आजी अकरा दिवसांनी गेल्या. त्यानंतर मी कोणत्याच गावात समितीपासून सुरुवात केली नाही.

यादीपासून सुरुवात करा. गावातल्या ज्या माणसांना दुसऱ्याच्या हाताची गरज आहे त्यांची, घरागणिक. तुम्ही तीन-चार म्हणता, पण यादी झाली की आकडा वाढेल, हे मी खात्रीनं सांगते. माजघरात पडलेलं माणूस पाखाडीवरून, म्हणजे बाहेरच्या दगडी पायवाटेवरून, जाणाऱ्याला दिसत नाही. आणि जी बाई काठी टेकत अंगणात येते, "बरी आहे" म्हणते, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन आठवड्यांपूर्वी संपलेल्या असतात, हेही घरात जाऊन डबा उघडल्याशिवाय कळत नाही.

शिमग्यात पालखी घराघरात जाते. कुठल्या घराला कुलूप, कुठल्या घरात एकटी म्हातारी, हे पालखी नाचवणाऱ्या पोरांना तोंडपाठ असतं. त्यांना हाताशी धरा. मात्र पालखी सगळ्या वाड्यांत जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. बौद्धवाडी त्या वाटेवर नसते, धनगरवाडा सड्यावर, वरच्या कातळमाळावर, राहतो, कातकऱ्यांची घरं कोणाच्याच मोजणीत नसतात. म्हणून यादी दूरच्या टोकाकडून सुरू करा आणि देवळाजवळच्या वाडीत सगळ्यात शेवटी या. वाटेत दमलात, पाऊस आला, काम अर्धं राहिलं, तर जवळची घरं राहतील. ती पुढच्या आठवड्यात सहज होतात. उलट केलंत तर दूरची राहतील आणि ती कायमची राहतात.

प्रत्येक घरी दोघांनी जायचं, एक त्याच वाडीतलं आणि एक बाहेरचं. कागदावर फार लिहू नका. रात्री घरात कोण असतं? संडासापर्यंत चालत जाता येतं का? गोळ्या कोणत्या, किती दिवसांच्या उरल्या? चूल कोण पेटवतं? मुंबईतला कोणता फोन खरोखर उचलला जातो? (मोठ्या मुलाचा नंबर सगळे देतात, उचलते बहुतेक वेळा लेक.) पेन्शन येते का, शेवटची कधी आली? आणि सेवा करणारीला विचारायचा प्रश्न असा: तुमची झोप होते का? एवढं पुरे. तीस वर्षांवरच्या माणसांचा एक सरकारी तपासणी फॉर्म आशाताईंनी आधीच भरलेला असतो. तोच परत भरायला लावू नका, त्यातलं काय उपयोगाचं आहे ते त्यांना विचारून घ्या.

यादीचे तीन भाग करा: अंथरुणातले, घरातले आणि फिरते. अंथरुणातल्यांकडे आठवड्याला जायचं, घरातल्यांकडे पंधरवड्याला, फिरत्यांकडे महिन्याला. ही वही दोघांकडेच राहील. तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार नाही. कोणाला क्षयरोग आहे, कोणाच्या घरात मनाचा आजार आहे, कोणाची लघवी कपड्यात होते, हे गावाच्या चर्चेचं सामान होता कामा नये. एका गावात एका मुलानं चांगल्या मनानं, मदत गोळा करायला म्हणून, आजोबांच्या जखमेचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पैसे आले, पण त्या घरानं आमच्यासाठी दार बंद केलं ते वर्षभर. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

यादी झाली की एक माणूस निवडा, एकच, आणि त्याच्याभोवती गावाला उभं करा. तुम्ही ज्याला भागीदारी म्हणता ती अशी घडते. एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यातच बहुतेक सगळं आलं.

अर्धांगवायू झालेले एक आजोबा, डावं अंग गेलेलं. घरात बायको थकलेली आणि सून, मुलगा अंधेरीला. घर पाखाडीच्या वरच्या टोकाला. सुनेला त्यांना एकटीनं उचलता येत नव्हतं, म्हणून आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही पुसून. आम्ही त्या घरी पाच जणांना बोलावलं, ओटीवर बसवलं आणि विचारलं, यातलं तुम्हाला काय जमेल?

शेजारच्या बचत गटातल्या दोघी म्हणाल्या, आम्ही एक दिवसाआड सकाळी येतो, उचलायला. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी महिन्यातून एकदा घरी येऊन रक्तदाब बघायचं आणि महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायचं कबूल केलं. ग्रामसेवकांनी सांगितलं की ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात आणि ते दर वर्षी कशावर खर्च करायचे हा त्यांनाच प्रश्न पडतो. आजोबांचं प्रमाणपत्र असेल तर कमोडची खुर्ची आणि भिंतीला दांडा त्यातून होईल. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी जायला हवं, तर मुंबईकर मंडळानं गाडीचे पैसे दिले, आणि आपल्या यादीतले आणखी चौघं त्याच गाडीत बसवले. मंडळाच्या पोरांनी पाखाडीचे निसटलेले जांभ्याचे चिरे बसवले. पोस्टमनदादांना विनंती केली, ते अंगठा घेऊन पेन्शन घरी द्यायला लागले.

यातलं एकही काम मोठं नव्हतं आणि एकालाही नवा निधी लागला नाही. पण सहा जणांनी सहा गोष्टी एकाच माणसासाठी केल्या, आणि ते एकमेकांच्या नजरेला पडलं. पुढच्या माणसाच्या वेळी ओटीवर बोलवावं लागलं नाही, दोघींनी परस्पर ग्रामसेवकांना फोन केला. दहाएक घरं अशी झाल्यावर लोकच म्हणाले, महिन्यातून एकदा बसायला हवं. तुमची समिती तिथून सुरू होते.

बसायचं कधी, तेही सांगते. नवी तारीख काढू नका. महिन्यातून एकदा गावात लसीकरण आणि ग्राम आरोग्य पोषण दिन असतो. त्या दिवशी एएनएम (उपकेंद्राच्या परिचारिका), आशा, अंगणवाडी सेविका आधीच एका ठिकाणी असतात. बाळांचं आटोपलं की पुढचा अर्धा तास तुमचा. वही उघडायची, अंथरुणातल्यांची नावं एकेक घ्यायची: कोण गेलं होतं, काय दिसलं, पुढे काय, कोण करणार. भाषणं नकोत, चहा असू दे.

आता आशाताईंबद्दल. हे मी जरा जोर देऊन लिहिते. गावात कोणतीही नवी कल्पना निघाली की ती आशाताईंच्या डोक्यावर येऊन बसते. त्यांचा बराच मोबदला कामागणिक ठरलेला आहे. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर बाळाच्या घरी ६ भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, पूर्ण केल्या की २५० रुपये. ज्या कामाचा मोबदला ठरलेला नाही ते काम "तुम्हीच करा ना ताई" म्हणून त्यांच्यावर टाकणं हा अन्याय आहे, मग तो आपण कितीही प्रेमानं करत असू. तुमच्या कामात त्यांची भूमिका दुव्याची ठेवा. त्यांनी सांगावं कोण आजारी आहे, आणि त्यांनी कळवलेलं उपकेंद्रात ऐकलं जावं. उचलणं, धुणं, सोबत बसणं हे गावानं करायचं.

त्या बाळाच्या भेटींची पद्धत आली कुठून, हे सांगण्यासारखं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून केंद्र सरकारनं ती पद्धत आशांमार्फत देशभर नेली. पण मला त्यांच्या कामातली दुसरी एक गोष्ट जास्त शिकवून गेली. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासींना विचारलं की तुम्ही दवाखान्यात येत का नाही. लोकांना त्या मोठ्या इमारतींची भीती वाटत होती. मग दवाखाना त्यांच्या घरांसारखा, झोपड्यांचा बांधला गेला आणि त्याला त्यांच्या देवीचं, मा दंतेश्वरीचं, नाव मिळालं. विचारणं म्हणजे काय ते तिथे कळतं. आपण बहुतेक वेळा आधी ठरवतो आणि मग विचारतो.

उपकेंद्राशी कसं वागायचं? सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हे सरकारचं प्रमाण आहे. म्हणजे त्या ताईंच्या वाट्याला तुमचं एकच गाव नसतं. आता बहुतेक उपकेंद्रं आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आहेत आणि तिथे रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मिळायला हव्यात. मिळत नाहीत तेव्हा "तुमच्याकडे कधीच गोळ्या नसतात" असं भांडून काही हाती लागत नाही. त्याऐवजी लेखी द्या: आमच्या गावात रक्तदाबाचे इतके रुग्ण, पैकी या गोळीवर इतके, त्या गोळीवर इतके, महिन्याला एवढ्या गोळ्या लागतात. हा कागद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मागणीपत्रासाठी उपयोगी पडतो, त्यांचं काम हलकं होतं. एका केंद्रात आम्ही असा कागद दिला तेव्हा डॉक्टर म्हणाले, मला इतकी वर्षं कोणी आकडा दिलाच नव्हता.

पण गोड बोलूनच सगळं होतं असं नाही. महाराष्ट्रात २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. मी अशा सुनवाईला बसले आहे. एखादी बाई उभी राहून, पदर खोचून, तारीखवार सांगते की अमुक दिवशी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं, तेव्हा समोरच्या खुर्चीतल्या माणसाला उत्तर द्यावंच लागतं. तर क्रम असा ठेवा: आधी यादी आणि विनंती, मग लेखी पाठपुरावा, मग ग्रामसभेत प्रश्न. तीनदा विचारूनही हललं नाही तर चारचौघांत विचारायला कचरू नका. ज्याला आपण प्रश्न विचारू शकत नाही त्याच्याशी भागीदारी कसली?

ग्रामपंचायतीकडे पैसा आहे, फक्त तो कुठल्या कप्प्यात आहे ते माहीत हवं. दिव्यांगांचे ५ टक्के सांगितलेच, महिला व बालकल्याणाचे १० टक्के वेगळे. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणी व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी येतो. कोणत्या वर्षी किती आणि कधी येतो ते ग्रामसेवकांकडून नीट समजून घ्या. तुमच्या गावातही ही समिती कागदावर असणारच, तिचे सदस्य कोण ते विचारा. कदाचित तुम्हाला नवी समिती लागणारच नाही. आणि 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा गांधी जयंतीच्या सुमारास सुरू होतो. त्यात "ज्येष्ठ व अंथरुणावरील रुग्णांसाठी साहित्य" अशी एक ओळ घालून घ्या. आराखड्यात ओळ नसेल तर सरपंचांची इच्छा असूनही खर्च दाखवता येत नाही. महिला ग्रामसभेत हा विषय आधी मांडा. सेवा करणाऱ्या तिथे बसलेल्या असतात.

सरकारी योजनांचं काम एकाच माणसाकडे द्या, तुमच्यासारख्याकडेच. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, अर्ज तहसीलला. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजार असलेल्यांसाठी संजय गांधी निराधार योजना. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही म्हणून बंद पडलेल्या पेन्शनी मी इतक्या पाहिल्या आहेत की यादीतला तो एक प्रश्न मी कधीच गाळत नाही. मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते आणि १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. मात्र कोकणात म्हातारी माणसं लेकराविरुद्ध कागदावर अंगठा द्यायला तयार नसतात. तिथे कायद्याआधी मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाचा मुंबईहून गेलेला फोन चालतो.

मंडळाचं नाव निघालं, तर त्याबद्दल लिहायला मला आवडतं. गिरण्यांच्या काळापासून लालबाग-परळच्या खोल्यांत गावागावांची मंडळं आहेत, आणि त्यांचा पैसा बहुतेक वेळा देवळाच्या जीर्णोद्धाराला जातो. त्याला माझा विरोध नाही. पण मंडळाकडे पैसे मागायला जाऊ नका, निदान आधी नको. त्यांच्याकडे पैशापेक्षा मोलाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे प्रत्येक घरचा मुंबईतला माणूस त्यांना ठाऊक आहे. फोन न उचलणारा मुलगा मंडळाच्या बैठकीला येतो. दुसरी म्हणजे परळ. इथून पाठवलेला रुग्ण केईएमला किंवा टाटाला जातो. पहाटे एसटीतून उतरलेली म्हातारी आणि तिचा गांगरलेला नातू केसपेपरच्या खिडकीसमोर उभे राहतात, आणि तिथेच निम्मे हिंमत सोडतात. मंडळातल्या दोन निवृत्त माणसांनी ठरवलं की गावाहून रुग्ण आला की आपण तिथे असायचं, तर ती मदत लाखाच्या देणगीपेक्षा मोठी आहे. एका गावच्या मंडळानं हे केलं. एक पूर्वीचे गिरणी कामगार, स्वतःचे गुडघे दुखत असताना, दर वेळी सकाळी सातला फाटकाशी उभे असायचे. त्यांच्यामुळे किती जणांचे उपचार पूर्ण झाले, याची नोंद कुठेच नाही.

केरळमधल्या मलप्पुरमकडे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा बघते. तिथलं दुखणं आपल्यासारखंच: मुलं आखातात, आईबाप घरी. १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचं एक छोटं केंद्र सुरू झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यातून शेजारपाजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. आठवड्याला निदान दोन तास देईन असं म्हणणारा कोणीही, दुकानदार, रिक्षावाला, विद्यार्थी, १६ तासांचं प्रशिक्षण घेऊन आजाऱ्याच्या घरी जाऊ लागला. २००८ मध्ये केरळ सरकारनं धोरण केलं आणि पंचायतींनी नर्स नेमून घरी जाणारी सेवा सुरू केली. क्रम लक्षात घ्या गुरुजी: शेजारी आधी आले, सरकार नंतर. सरकार आलं तेव्हा शेजारी घरी गेले नाहीत, म्हणून ते टिकलं.

जातीचा विषय टाळून हे काम होत नाही. गावकी ही आपल्याकडची फार जुनी भागीदारी आहे, रस्ता, पाणी, उत्सव तिनं सांभाळले. आणि वाळीत टाकण्याचं हत्यारही तिनंच चालवलं, इतकं की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा गावकीला सोबत घ्या, पण यादी तिच्या ताब्यात देऊ नका. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये आले तेव्हा लोकांनी आरोग्य मागितलंच नाही, अन्न आणि पाणी मागितलं. बहात्तरच्या दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी भरायला सगळ्यांनी तिकडे यायचं. पुढे गावागावांतल्या आरोग्यसेविका झाल्या त्याही मुख्यतः गरीब, शाळेत न गेलेल्या, बऱ्याच दलित समाजातल्या बायका. मला वाटतं, त्या एका निर्णयानं शंभर बैठकांचं काम केलं. तुमच्याकडे बोअर नसेल, पण साहित्य असेल: चाकाची खुर्ची, पाण्याची गादी, कमोड, वॉकर. ते सरपंचांच्या पडवीत ठेवू नका. जी वाडी नेहमी शेवटी येते तिथल्या समाजमंदिरात ठेवा. ज्याला हवं तो तिकडे जाऊन घेईल.

आणि सून. तिला यादीत स्वतंत्र ओळ द्या. अंथरुणातल्या प्रत्येक माणसामागे एक बाई असते जी रात्री तीनदा उठते, जिची पाठ गेलेली असते, जिला दोन वर्षांत माहेरी जायला मिळालेलं नसतं. आपण तिला "पुण्य मिळेल" म्हणतो आणि निघून येतो. आम्ही काही गावांत महिन्यातून एक दिवस गटातल्या दोघींनी त्या घरी पूर्ण दिवस थांबायचं असं सुरू केलं. पहिल्या महिन्यात एक सून कुठेच गेली नाही, मागच्या खोलीत जाऊन झोपली, संध्याकाळपर्यंत. सासूला काय वाटेल म्हणून तिला जागं करायला गेलेली शेजारीण दारातूनच मागे फिरली. हा एक दिवस गावाला फुकट पडतो आणि मला विचाराल तर सगळ्या कामात तो सगळ्यात मोलाचा आहे.

पैशांचं थोडक्यात: कोणाच्याही खासगी फोनवर देणग्या घेऊ नका. नोंदणीकृत मंडळाच्या किंवा बचत गटांच्या ग्रामसंघाच्या खात्यातून व्यवहार करा, दोन सह्या, आणि दर तिमाहीचा हिशेब देवळात आणि समाजमंदिरात, दोन्हीकडे लावा. निवडणुकीच्या वर्षात खुर्च्यांवर कोणाचं नाव रंगवू देऊ नका. पॅनल बदललं की त्या खुर्च्या अडगळीत जातात, हे मी पाहिलं आहे.

सोबत्यांना काय शिकवायचं आणि काय नाही, हेही आधीच ठरवा. दर दोन तासांनी कूस बदलणं. टाचा, खुबे, माकडहाड रोज बघणं. दाबल्यावर न जाणारी लाली दिसली की लगेच कळवणं, ती चोळायची नाही. भरवताना पाठीला टेकू देऊन बसवणं. तोंड साफ करणं. एवढं कोणालाही जमतं. लघवीची नळी, खोल जखम, इंजेक्शन हे नर्स किंवा डॉक्टरांचं. कर्करोगाच्या वेदनांवर मॉर्फिन तोंडानं देता येतं आणि २०१४ च्या कायदा-दुरुस्तीनंतर रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं आहे. तंबाखू-मिश्रीनं तोंड सडलेला माणूस रात्रभर कण्हत असेल तर "आता काय करणार" म्हणून सोडू नका. जिल्हा रुग्णालयात वेदनाशमन सेवेची चौकशी करा, नाही म्हणाले तर पुन्हा करा.

गणपतीला चाकरमानी येतील, मंडळाची बैठक होईलच. तोवर निदान दूरच्या तीन वाड्यांची यादी आणि एक उभं राहिलेलं घर तुमच्या हातात असू द्या. बैठकीत त्या घरच्या सुनेला बोलू द्या, तुम्ही बोलू नका.

पण त्याआधी, याच आठवड्यात, आशाताईंना सोबत घेऊन त्या तीन-चार जणांपैकी ज्यांचं घर सगळ्यात वर आहे तिथे जा. घरच्यांना विचारून त्यांच्या टाचा आणि माकडहाड आशाताईंना बघू द्या. गोळ्यांचा डबा उघडा. रात्री कितीदा उठावं लागतं ते सुनेला विचारा आणि ती सांगेल तेवढा वेळ बसा. काय दिसलं ते मला लिहा. गादी कुठून मिळवायची आणि जखमेचं पुढे काय करायचं ते त्याप्रमाणे सांगते.